शिष्यवृत्तीचा अर्ज बाद झाला? पुन्हा भरण्याआधी आणि भरताना काय करायचं

कापूस वेचणी जोरात आली की आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीसमोर गर्दी वाढते. नवीन फॉर्म भरणारी मुलं घोळक्याने येतात. बाद झालेली मुलं मात्र एकेकटी येतात, काही बोलत नाहीत, नुसता मोबाइल पुढे करतात. स्क्रीनवर 'रिजेक्टेड' लिहिलेलं असतं आणि घरून दर दोन दिवसांनी फोन येत असतो, "पैसा उनात का रे?" (पैसे आले का रे?)

अकरा वर्षं मी या खिडकीमागे बसतोय. इतक्या वर्षांत समोर आलेल्या बाद अर्जांत खरोखर अपात्र असलेली मुलं मोजकीच होती. बाकीच्यांचं कुठे दाखल्याचं वर्ष चुकलं होतं, कुठे नावातलं एक अक्षर, कुठे आधार भलत्याच बँकेला जोडलेलं. हे सगळं दुरुस्त होतं. फक्त कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे चुकलं की महिना-दीड महिना वाया जातो, आणि तेवढ्यात पोर्टल बंद होतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुलामुलींना हे सांगणारं जवळ कोणी नसतं, म्हणून लिहितोय. आपल्या खानदेशातली बहुतेक मुलं महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून अर्ज करतात, त्यामुळे बोलणं मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी शेरा वाचा

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. अर्ज बाद झाल्याचं कळताच ती गावी गेली होती. तलाठ्याचा अहवाल, तहसील, सेतू असं सगळं करून तिने उत्पन्नाचा नवा दाखला काढला. वडिलांची चार दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच. मी तिचा अर्ज उघडून शेरा वाचला. दाखला चुकीचा असल्याचं तिथे कुठेच नव्हतं, तो 'स्पष्ट दिसत नाही' एवढंच लिहिलं होतं. तिचा जुना दाखला लॅमिनेट केलेला होता. कॅफेवाल्याने मोबाइलने फोटो काढला तेव्हा फ्लॅशचा पांढरा डाग नेमका बारकोडच्या क्रमांकावर पडला होता. दाखला उन्हात, फ्लॅश बंद करून पुन्हा स्कॅन केला असता तर काम पाच मिनिटांचं होतं.

तेव्हा पहिलं काम हे की स्वतः लॉगिन करा, आपण केलेल्या अर्जांचा इतिहास उघडा आणि अर्जाची स्थिती व त्यापुढचा शेरा शब्दन् शब्द वाचा. शेरा बहुधा इंग्रजीत असतो. कळला नाही तर शिक्षकाकडून समजून घ्या, अंदाज बांधू नका. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण अर्ज पुन्हा भरला की जुना शेरा सापडायला त्रास होतो.

स्थितीचे शब्द नीट ओळखा. 'अंडर स्क्रुटिनी' म्हणजे अर्ज कोणाच्या तरी टेबलावर आहे, अजून काहीच बिघडलेलं नाही. टेबल कॉलेजचं आहे की विभागाचं, तेही तिथेच दिसतं. 'सेंड बॅक' म्हणजे अर्ज दुरुस्तीसाठी तुमच्याकडे परत आलाय. हा बाद झालेला नाही, पण दुरुस्त करून परत पाठवला नाही तर तो तिथेच पडून राहतो. दरवर्षी कितीतरी मुलं 'परत पाठवला' म्हणजे 'संपलं' असं समजून गप्प बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. 'रिजेक्टेड' म्हणजे बाद. यात नव्याने अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी 'री-अप्लाय'ची सोय त्या वर्षासाठी उघडी असावी लागते.

आणखी एक शब्द आहे, 'राइट टू गिव्ह अप'. म्हणजे आपण होऊन शिष्यवृत्तीचा हक्क सोडणं. बटण काय आहे हे न कळता काही मुलांनी ते दाबलेलं असतं. तुमच्या अर्जापुढे हे दिसत असेल तर त्याच दिवशी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, हक्क चुकून सोडला गेला असं स्पष्ट लिहा आणि कॉलेजमार्फत विभागाला कळवायला सांगा. तुमच्या एकट्याच्या लॉगिनवरून ते मागे घेता येईल या भरवशावर बसू नका.

लॉगिन तुमच्याच हातात हवं

हा टप्पा लहान वाटतो, पण अडतं इथेच. गेल्या वर्षी अर्ज कॅफेत भरला, मोबाइल क्रमांक कॅफेवाल्याचा टाकला, पासवर्ड त्याच्या वहीत. आता ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो लग्नाला गेलेला असतो. मग कोणीतरी सांगतं, "नवीन आयडी काढ ना." तो सल्ला अजिबात ऐकू नका. एकाच विद्यार्थ्याची दोन प्रोफाइल झाली की पुढे तपासणीत दोन्ही अडकतात. यूजरनेम आणि पासवर्ड परत मिळवण्याची सोय पोर्टलवर आहे. आधारला तुमचा चालू मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर आधी तो आधार केंद्रावर किंवा पोस्टात जोडून घ्या, मग बाकीचं.

आधारबद्दलच अजून एक. वयाच्या ५व्या आणि १५व्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे बायोमेट्रिक अद्ययावत करणं बंधनकारक असतं. अकरावीत आलेल्या पुष्कळ मुलांचं दुसरं अपडेट राहून गेलेलं असतं, आणि मग आधारची पडताळणीच होत नाही.

कारण सापडलं, आता मूळ कागद दुरुस्त करा

उत्पन्नाचा दाखला हे सगळ्यात नेहमीचं कारण. दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो कोणत्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा आहे हे त्यावर लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या अर्जाला २०२४-२५ च्या उत्पन्नाचा, ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला दाखला चालतो. मागच्या वर्षीचाच पुन्हा चिकटवला तर अर्ज बाद होणारच. दुसरी चूक म्हणजे दाखल्यावर ५४,००० असतं आणि फॉर्ममध्ये ४५,००० भरलेलं असतं. आकडा दाखल्याकडे बघून भरा, आठवणीतून नको. वडील हयात नसतील तर आईच्या नावाचा दाखला काढा, आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडीला ठेवा.

दाखल्यासाठी सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज केला की पावती मिळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे दाखला किती दिवसांत द्यायचा याची मुदत ठरलेली आहे, ती उलटली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. पावती हातात असली की बोलायला बळ येतं. दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ सालीच माफ केलंय. कोणी स्टॅम्पपेपर आणायला पाठवलं तर हे नम्रपणे सांगा.

उत्पन्नच मर्यादेपेक्षा जास्त आहे असा शेरा असेल तरी थांबा. अनुसूचित जाती आणि जमातीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याच्या वर गेलं तर निर्वाह भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. कॉलेजात तिला फ्रीशिप म्हणतात. आई आशा सेविका, वडील एसटीत, असं घर असलं की मुलं शिष्यवृत्तीत अर्ज करतात आणि बाद होतात. त्यांचा अर्ज खरं तर फ्रीशिपमध्ये हवा असतो. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख. आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपली योजना कोणती हे कॉलेजात विचारल्याशिवाय पुन्हा अर्ज करू नका.

नावाचा घोळ आपल्याकडे, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, फार होतो. पावरा आडनाव इंग्रजीत लिहिताना आधारवर 'डब्ल्यू' असतो आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर 'व्ही'. वसावे कुठे 'वसावा' होतं. वडिलांचं नाव शाळेत 'भाईदास' आणि जातीच्या दाखल्यावर 'भायदास'. अशा वेळी सगळे कागद कशाशी जुळवायचे? माझा सल्ला आहे, दहावीच्या गुणपत्रिकेशी. गुणपत्रिकेतलं नाव बदलणं लांबलचक काम आहे, त्यामानाने आधार सोपं. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून केंद्रावर जाण्याआधी नाव इंग्रजीत आणि मराठीत कागदावर स्वच्छ लिहून न्या, ऑपरेटरने टाइप केल्यावर स्वतः वाचा, मगच पावती घ्या.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयाचा आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र, हे दोन वेगळे कागद आहेत. एकाच्या जागी दुसरा अपलोड केलेले अर्ज मी दरवर्षी बघतो. वैधता अजून यायची असेल तर जात पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल केल्याची पावती सांभाळून ठेवा आणि कॉलेजला तिची प्रत द्या. धाकटी भावंडं अकरावी विज्ञानात असतील तर त्यांचं प्रकरण आत्ताच दाखल करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

शिक्षणात वर्षभराचा खंड पडला असेल, ऊसतोडीला गेलात, आजारपण आलं, बारावी पुन्हा दिली, तर खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेचं पत्र लागतं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर तिथे वाट बंद आहे, हे आधीच कळलेलं बरं.

चालू शिष्यवृत्ती मध्येच थांबली असेल तर

पहिल्या वर्षी पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी आलेच नाहीत, असं सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दुसऱ्या वर्षी अर्जच केलेला नसतो. शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, नवीन उत्पन्नाचा दाखला आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका लावून.

एटीकेटी लागली म्हणून अर्ज न करणारीही मुलं आहेत. एटीकेटी घेऊन तुम्ही पुढच्या वर्गात गेला असाल तर अर्ज करा, निकालाच्या रकान्यात खरं ते भरा. वर्ष पूर्ण नापास झालं असेल तर मात्र पुढच्या वर्गात गेल्यावर अर्ज पुन्हा सुरू होतो का, आणि किती वेळा, हे योजना आणि अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतं. त्यासाठी योजनेच्या अटींचं पान छापून घेऊन विभागाच्या कार्यालयात विचारा. शाहू महाराज शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमाच्या दरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही, हजेरीची अट आहे आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. एक पदवी पूर्ण करून पुन्हा त्याच पातळीची दुसरी पदवी घ्यायला गेलात, उदाहरणार्थ बी.ए. झाल्यावर बी.कॉम., तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही.

अर्ज मंजूर, पण पैसे नाहीत

हे बाद होणं नाही, पण मुलं ते तसंच धरतात आणि पुन्हा अर्ज करायला धावतात. तसं करू नका. दोष बहुधा बँकेच्या जोडणीत असतो.

पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यावर जातात. आणि आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं असतं, बहुधा ज्या बँकेत ते शेवटी जोडलं तिच्याशी. मागच्या वर्षी शहाद्याकडचा एक मुलगा सहा महिने जळगावच्या बँकेत चकरा मारत होता. खातं चालू, पासबुक भरलेलं, पैसे मात्र नाहीत. बोलता बोलता निघालं की बारावीनंतरच्या सुट्टीत तो सुरतेला कारखान्यात कामाला गेला होता. तिथे ठेकेदाराने पगारासाठी सगळ्या पोरांची खाती उघडली होती, आधार घेऊन. शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडली होती, आणि त्या खात्याचं एटीएम कार्डही त्याच्याकडे नव्हतं. आपल्याकडून सुरत, बारडोलीकडे कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं.

तपासणं सोपं आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. कोणती बँक आणि ती चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा आणि "केवायसीसाठी नको, थेट लाभासाठी एनपीसीआयला जोडा" असं स्पष्ट सांगा (एनपीसीआय म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलंय याची नोंद ठेवणारी संस्था). पोस्टाच्या पेमेंट बँकेत आधारने खातं उघडून जोडणं हाही सरळ मार्ग आहे, गावोगावी पोस्टमन ते करून देतात. जोडणी झाली की काही दिवसांनी स्थिती पुन्हा बघा. खातं वडिलांबरोबरचं संयुक्त नसावं, तुमच्या एकट्याच्या नावाचं असावं. वर्षानुवर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं, त्यात शंभर-दोनशे रुपये भरून आणि केवायसी देऊन ते आधी चालू करून घ्या.

कोणत्या कार्यालयात जायचं

पहिला दरवाजा कायम कॉलेजचाच. कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज अडकलेला असताना जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन उपयोग नाही, तिथून परत कॉलेजलाच पाठवतात.

कॉलेजने पुढे पाठवून विभागाकडे अडलं असेल तर प्रवर्ग आणि अभ्यासक्रम बघावा लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालकांचं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. ही आपल्याकडे नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशी चार आहेत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कार्यालय कॉलेजच्या ठिकाणावरून ठरतं, गावावरून नाही. अक्कलकुव्याची मुलगी जळगावात शिकत असेल तर तिचा अर्ज यावलकडे असतो. तिचे वडील मात्र तळोद्याला जाऊन दिवसभर बाकावर बसलेले असतात.

शाहू महाराज शिष्यवृत्तीचं वेगळं आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असेल तर उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालकांचं जळगाव कार्यालय. शिरपूरला इंजिनिअरिंग किंवा फार्मसी शिकत असाल तर तंत्रशिक्षण सहसंचालकांचं नाशिक कार्यालय. नाशिकला जाण्याआधी कॉलेजमार्फत ईमेल पाठवून बघा, अनेकदा तेवढ्यात काम होतं आणि भाडं वाचतं.

जाताना अर्जाची छापील प्रत, शेऱ्याचा स्क्रीनशॉट, मूळ कागद आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स न्या. तिथल्या साहेबांशी मॅडमशी शांतपणे बोला, पण सांगितलेलं वहीत लिहून घ्या, तारीख टाकून.

आता पुन्हा भरायचा

कागद दुरुस्त, बँक दुरुस्त, योजना नक्की झाली, मगच पोर्टल उघडा. आधी प्रोफाइल सुधारा, कारण अर्जात माहिती तिथूनच येते. जुन्या प्रोफाइलमध्ये चुकीचं उत्पन्न तसंच ठेवून नुसता नवा दाखला चढवला तर अर्ज त्याच कारणाने पुन्हा बाद होईल. चालू अभ्यासक्रम आणि मागचा अभ्यासक्रम ही पानं घाईत भरू नका. कॉलेजचं नाव, शाखा, वर्ष, प्रवेशाची तारीख कॉलेजच्या नोंदीशी जुळायला हवी. वसतिगृहात राहत असाल तर ते पान भरा, राहत नसाल तर 'हो' म्हणू नका.

कागद स्कॅन करताना मोबाइलच्या फोटोऐवजी स्कॅनरचा आग्रह धरा. पोर्टलने फाइलच्या आकाराला मर्यादा घातलेली आहे, आणि कॅफेवाला फाइल लहान करताना अक्षरं पुसट करून टाकतो. अपलोड झाल्यावर प्रत्येक कागद उघडून स्वतः वाचा. तुम्हाला वाचता आला नाही तर तपासणाऱ्यालाही येणार नाही.

मोबाइलची रेंज नसलेल्या पाड्यांवर राहणाऱ्यांनी हे काम कॉलेजच्या संगणक कक्षात, सकाळी करावं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल चालत नाही. मुदतवाढ मिळेल या आशेवर थांबू नका. मागच्या वर्षाच्या अर्जासाठी 'री-अप्लाय'ची सोय थोड्या दिवसांसाठीच उघडते. श्रावणात कानबाईला घरी गेलेली मुलं परत येईपर्यंत तारीख उलटल्याचं मी स्वतः पाहिलंय. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि कॉलेजच्या फलकावर दर दोन दिवसांनी नजर टाका.

अर्ज पाठवला की त्याचा क्रमांक लिहून ठेवा, छापील प्रत कागदांसह कॉलेजात जमा करा आणि पोच घ्या. सोबत एक पत्र द्या. पत्राची सक्ती नाही, पण पुढे 'अर्ज आलाच नाही' असं झालं तर तेच कामाला येतं. मी मुलांना असं लिहायला सांगतो:

"मा. प्राचार्य यांस, सप्रेम नमस्कार. मी आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत शिकत आहे. माझा शिष्यवृत्ती अर्ज (क्रमांक ...) दिनांक ... रोजी उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट असल्याच्या कारणाने बाद झाला होता. मी दाखला स्वच्छ स्कॅन करून दिनांक ... रोजी पुन्हा अर्ज केला आहे (नवा क्रमांक ...). कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तरी माझा अर्ज तपासून मुदतीत पुढे पाठवावा, ही विनंती. आपली विद्यार्थिनी."

यात रडगाणं नाही, कोणावर आरोप नाही. काय बाद झालं, का झालं, काय दुरुस्त केलं, एवढंच. घरची परिस्थिती लिहायचा मोह होतो, पण टेबलावर बसलेल्या माणसाला क्रमांक आणि तारीख लागते.

केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज असेल तर तिथला शब्द 'डिफेक्टेड' आहे. याचा अर्थ दुरुस्तीसाठी परत आलाय, आणि दिलेल्या मुदतीत दुरुस्त करायलाच हवा. तिथे 'रिजेक्टेड' झालं तर त्या वर्षी वाट उरत नाही.

कोणीच दाद देत नसेल तर

पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, आधी तिथे तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपा. मग 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या तक्रार पोर्टलवर. त्यानेही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा, माझा अर्ज क्रमांक अमुक, तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता, कोणत्या नियमाने बाद झाला, त्या नियमाची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. मी पाहिलंय, पुष्कळदा उत्तर येण्याआधी अर्जच हलतो.

या वर्षी नाहीच जमलं तर

मुदत गेली, वाट बंद झाली, तरी कॉलेज सोडू नका. फी हप्त्याने भरण्याची लेखी मागणी करा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी प्रवर्गाप्रमाणे राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणाऱ्या स्वाधार, स्वयम् आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. शिष्यवृत्ती बाद झाली म्हणून यांचा अर्ज आपोआप बाद होत नाही. विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेबद्दल कॉलेजात विचारा. सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ होतं, तुमचा तालुका त्यात आहे का ते बघा. आणि पुढच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते.

पैसे आले की

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळा येतो. थेट तुमच्या खात्यात येणाऱ्या रकमेत कॉलेजच्या फीचे पैसेही असतात, आणि ते सात दिवसांत कॉलेजात भरायचे असतात. हे घरी आधी सांगून ठेवा. कपाशीला फवारणी करायची असते, दुकानदाराची उधारी असते, आणि खात्यात एकदम रक्कम दिसली की ती तिकडे वळते. त्यात कोणाचीच नियत वाईट नसते. पण पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी मागची फी थकलेली निघते आणि पुन्हा याच खिडकीसमोर उभं राहावं लागतं. पैसे खर्च होऊन गेले असतील तर लपवू नका, प्राचार्यांना भेटा, किती हप्त्यांत भरणार ते लिहून द्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती दाखल्यांच्या फाइलमध्ये लावत जा.